कंटेनर थांबतो तिथे पाहा: सुरक्षा आणि वेळ एकाच वहीत

कंटेनरमधून माल चोरीला गेला तर तक्रार सुरक्षा विभागाकडे जाते, कंटेनर अडकून पडला तर लॉजिस्टिक्सकडे. दोन टेबले, दोन फायली, दोन अहवाल. प्रत्यक्षात दोन्ही भानगडी बहुतेक वेळा एकाच जागी जन्माला येतात. कंटेनरचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि मधल्या वेळात तो कुठेतरी उभा राहतो, ती ही जागा. जहाजावर रचलेल्या थप्पीतल्या कंटेनरपर्यंत पोचणे अवघड असते. डेपोच्या आवारात, महामार्गालगतच्या पार्किंगमध्ये, टर्मिनलच्या यार्डात मात्र तो तासन्‌तास उभा असतो, आणि त्या तासांचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. तो हिशेब लिहायला लागलात की चोराची संधी आणि डेमरेजचे (टर्मिनलात जास्त दिवस राहिल्याच्या आकाराचे) बिल दोन्ही कमी होतात. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी ताब्याची वही

एकच व्यापारमार्ग निवडा: एक माल, एक कारखाना, एक पोचण्याचे ठिकाण. ताबा जिथे जिथे बदलतो तिथे एक ओळ लिहा. रिकामा कंटेनर डेपोतून ट्रेलरवर, ट्रेलर कारखान्याच्या गेटवर, मग स्टफिंग (माल भरणे), पुन्हा ट्रेलर, कधी रेल्वे, टर्मिनलचे गेट, यार्ड, जहाज, मधल्या बंदरात दुसऱ्या जहाजावर, उतरण्याचे टर्मिनल, कस्टम्स, ट्रेलर, गोदाम. साध्या मार्गावरही दहा-बारा ओळी सहज भरतात. प्रत्येक ओळीत पाच रकाने हवेत: कोणी दिला, कोणी घेतला, किती वाजता, सील नंबर प्रत्यक्ष कोणी पाहिला, आणि मागच्या ओळीपासून कंटेनर किती तास जागचा हलला नाही.

ही वही कार्यालयात बसून भरू नका. नकाशावर कारखाना ते बंदर चार तासांचा रस्ता दिसतो. ड्रायव्हरला विचारलेत तर कळते की गेटची वेळ सकाळची असल्याने गाडी आदल्या संध्याकाळीच निघते आणि पहाटेपर्यंत रस्त्याकडेला उभी असते. ट्रेलरमालक, गेटवरचा कारकून आणि रात्रपाळीचा सुपरवायझर या तिघांशी बोलल्याशिवाय वही खरी होत नाही.

वही भरली की ज्या ओळीत कंटेनर चार तासांहून जास्त उभा होता आणि सीलही कोणी पाहिले नव्हते, त्या ओळी लाल करा. पैसा आणि माणसे आधी तिथे लावा. सगळीकडे सारखे कॅमेरे बसवणे दिसायला छान दिसते, पण लाल ओळ कारखान्याच्या भिंतीबाहेर असेल तर त्या कॅमेऱ्यांचा उपयोग नाही.

धोका एक नाही

माल बाहेर काढला जातो, तसा नको तो माल आतही घातला जातो. इलेक्ट्रॉनिक्स, तांबे, औषधे, ब्रँडेड कपडे यांना चोरीचा धोका. फळे, गोठवलेले अन्न, लाकूड, भंगार अशा नियमित आणि मोठ्या संख्येने जाणाऱ्या मालाला वेगळाच धोका असतो: अमली पदार्थांच्या टोळ्या अशा प्रामाणिक निर्यातदाराच्या कंटेनरमध्ये आपल्या बॅगा घुसवतात. दारापाशी दोन-चार बॅगा ठेवायच्या, नकली सील लावायचे आणि उतरण्याच्या बंदरात मालकाच्या आधी दार उघडून त्या काढून घ्यायच्या. या पद्धतीला बंदरांवर ‘रिप-ऑन, रिप-ऑफ’ म्हणतात. निर्यातदाराला याचा पत्ताही नसतो, पण पकडले गेल्यावर पहिली चौकशी त्याचीच होते आणि पुढचे कित्येक महिने त्याचा प्रत्येक कंटेनर तपासणीला ओढला जातो.

याशिवाय घोषित न केलेला धोकादायक माल, लपून जाणारी माणसे आणि कागदांतली फसवणूक. आपल्या मार्गावर यातले काय खरोखर संभवते ते मालाच्या प्रकारावरून आणि बंदरांच्या जोडीवरून ठरवा. पाच धोक्यांची सरसकट यादी करून प्रत्येकासमोर ‘मध्यम’ लिहिणे म्हणजे काम टाळणे.

रिकामा कंटेनर तपासणे

ही तपासणी स्टफिंगच्या आधी, आपल्या आवारात, उजेडात व्हावी. साहित्य थोडेच लागते: चांगली टॉर्च, लेझर मीटर किंवा लांब टेप, लांब दांड्याचा आरसा, लहान हातोडा आणि छापील फॉर्म. सराव झाल्यावर दोन माणसांना दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

सुरुवात नंबरापासून. कंटेनरचा नंबर आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चार अक्षरे, सहा अंक आणि एक तपास-अंक असा असतो. तपास-अंक पडताळता येतो. अक्षरांना ए = १० पासून पुढे किमती द्यायच्या, ११, २२, ३३ वगळायचे; मग दहाही स्थानांना डावीकडून १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांनी गुणायचे, बेरीज करायची आणि ११ ने भागायचे. उरते ती बाकी म्हणजे तपास-अंक; बाकी १० आली तर तो ० धरायचा. सीएसक्यूयू ३०५४३८ या नंबराची बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून शेवटचा अंक ३. हे हाताने करत बसायची गरज नाही, स्प्रेडशीटमधले एक सूत्र पुरते. पण ते सूत्र बुकिंगच्या शीटमध्ये आहे का, हे पाहा. नंबरातला एक अंक इकडचा तिकडे झाला की मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी), गेट पास आणि कस्टम्सची घोषणा तिन्ही चुकतात, आणि दुरुस्तीत दिवस जातो. नंबर दारावर, दोन्ही बाजूंवर, पुढे आणि छतावर सारखाच हवा; एखाद्या जागी रंग ताजा दिसला तर थांबा.

मग सात जागा, आणि नेहमी याच क्रमाने:

१. समोरची भिंत. आतून कोपऱ्यातले ठोकळे दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर पुढे खोटी भिंत असू शकते.
२. डावी बाजू. पन्हळी पत्र्यावर हातोडीने टकटक करा. आवाज सगळीकडे पोकळ पत्र्याचाच हवा. वरच्या बाजूची हवेची लहान छिद्रे झाकलेली नसावीत.
३. उजवी बाजू, तशीच.
४. तळ. फळ्या एका पातळीत हव्यात. आत जाताना पायरी चढल्यासारखे वाटले, किंवा मधलाच एखादा प्लायवूडचा तुकडा नवा असला, तर तो कोणी आणि कधी बदलला ते विचारा.
५. छत. उंची मोजा, आतून आणि बाहेरून.
६. दारे. आतून आणि बाहेरून. हँडल, लॉकिंग बार, हॅस्प (सील अडकवायची कडी) आणि त्यांचे रिव्हेट किंवा नट-बोल्ट.
७. खालची बाजू. आडव्या तुळया उघड्या दिसायला हव्यात. आरसा इथे लागतो.

मापे पाठ असावीत. आतली लांबी २० फुटी कंटेनरची सुमारे ५.९ मीटर, ४० फुटीची सुमारे १२.०३ मीटर, रुंदी सुमारे २.३५, उंची साध्याची सुमारे २.३९ आणि हाय क्यूबची (जास्त उंच कंटेनरची) सुमारे २.६९ मीटर. लेझर मीटरने तिन्ही मापे घ्यायला मिनिटभर लागते, आणि दहा सेंटिमीटरचा फरकही लपत नाही.

शेवटी एका माणसाने आत उभे राहून दुसऱ्याने दार लावावे आणि आत कुठून उजेड येतो ते पाहावे. (बाहेरच्याने जागा सोडायची नाही, हा नियम फॉर्मवरच छापा.) उजेड येतो तिथून पाणीही येते, म्हणजे ही चाचणी सुरक्षेइतकीच मालाच्या विम्याचीही आहे. आतली माती, बिया, किड्यांची अंडी झाडून काढा. पोचण्याच्या देशातले पीक-संरक्षण अधिकारी त्यावरूनही कंटेनर परत पाठवू शकतात. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का हवा. उष्णतेची प्रक्रिया केली असेल तर लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटे मिळालेले असावे लागते.

रीफर (शीत) कंटेनरला आणखी एक जागा असते: पुढचा यंत्राचा कप्पा आणि आतल्या पंख्यामागचे पॅनेल. तिथल्या स्क्रूंवर ताजे ओरखडे असतील तर पॅनेल उघडून घ्या.

स्टफिंग आणि वजन

माल भरताना टॅली (मोजणी) करणारा माणूस आणि माल आणून देणारा माणूस वेगळा असावा. एकाच माणसाने मोजले आणि भरलेही तर कमी भरलेली पेटी गंतव्याला पोचल्यावरच कळते, आणि मग वाटेत चोरी झाली की मुळातच कमी गेली हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. चार फोटो पुरेत: रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, दारापाशी शेवटची रांग, बंद दार सीलसह. चारही फोटोंत कंटेनरचा नंबर दिसला पाहिजे, म्हणून उजवे दार दिसेल असा कॅमेरा धरा. शेवटच्या रांगेचा फोटो सर्वात कामाचा. दारापाशी रिकामी जागा राहत असेल तर ती डनेज (मालाला आधार देणारे लाकूड वगैरे) किंवा एअर बॅगने भरून टाका. माल हलत नाही आणि दुसऱ्याची बॅग ठेवायला जागाही उरत नाही. लांबीच्या कोणत्याही एका अर्ध्या भागात मालाच्या ६० टक्क्यांहून जास्त वजन येऊ देऊ नका.

भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली सक्तीचे आहे. ते दोन प्रकारे काढता येते: भरलेला कंटेनर काट्यावर घालून, किंवा माल, पॅकिंग, डनेज यांची वजने मोजून त्यात दारावर लिहिलेले टेअर (रिकाम्या कंटेनरचे) वजन मिळवून. बहुतेक लोक एक पद्धत वापरून मोकळे होतात. दोन्ही वापरून फरक पाहिलात तर फुकटात एक सुरक्षा-चाचणी मिळते. समजा ४८० किलोचे २० पॅलेट, डनेज १२० किलो, टेअर ३,७५० किलो. एकूण १३,४७० किलो. काटा १३,७६० दाखवतो. हे २९० किलो कुठले? आधी काट्याची चूक आणि डिझेल तपासा, कारण गाडी रिकामी तोलल्यानंतर टाकीत ३०० लिटर डिझेल भरले असेल तर त्याचेच सुमारे २५० किलो होतात. तेही नसेल तर दार उघडून पाहण्याची वेळ आहे. आपल्या काट्याचा नेहमीचा फरक किती, हे वीस-पंचवीस कंटेनरच्या नोंदींवरून ठरवा आणि त्यापलीकडे गेलेला कंटेनर गेटवर थांबवा.

सील

सीलला कुलूप समजणे ही या धंद्यातली सर्वात जुनी गैरसमजूत. चांगले बोल्ट सीलही मोठ्या बोल्ट कटरने काही सेकंदांत तुटते. सील साक्षीदार आहे: दार उघडले गेले की नाही, एवढेच ते सांगते, आणि तेही कोणी विचारले तर.

आयएसओ १७७१२ मध्ये सीलचे तीन वर्ग आहेत: फक्त खूण दाखवणारे ‘आय’, मधले ‘एस’ आणि उच्च सुरक्षेचे ‘एच’. आंतरराष्ट्रीय भरलेल्या कंटेनरला ‘एच’ लावा. ओढून तुटण्याची ताकद ‘एच’ साठी किमान १० किलोन्यूटन असावी लागते, आणि २०१३ च्या आवृत्तीनुसार बोल्ट सीलचा जाडातला जाड भाग किमान १८ मिलिमीटरचा हवा. ‘एच’ हे अक्षर सीलवरच कोरलेले असते. पुरवठादाराकडून चाचणीचे प्रमाणपत्र मागा. चाचणी करणारी प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ प्रमाणे मान्यताप्राप्त असली पाहिजे. बाजारात ‘एच’ कोरलेली पण कधीच न तपासलेली सीलेही मिळतात.

लावताना क्रम असा. डावे दार बंद, मग उजवे, कारण उजवे दार डाव्यावर बसते आणि आधी तेच उघडते. हँडल पूर्ण खाली बसवा. सील उजव्या दाराच्या मधल्या (डाव्या दाराकडच्या) लॉकिंग बारवर, हँडलच्या हॅस्पमधून. काही कंटेनरांना याच दाराच्या कॅमपाशी (लॉकिंग बारच्या टोकाच्या आकड्यापाशी) सीलसाठी जास्त पक्की जागा केलेली असते. असेल तर ती वापरा. सीलचे दोन भाग, पिन (खिळा) आणि बुश (टोपी), दाबल्यावर खटका ऐकू आला पाहिजे. मग चार क्रिया, आणि पुढे प्रत्येक ताबाबदलाला याच चार:

पाहा: सील आणि आजूबाजूचे हार्डवेअर. पडताळा: पिनवरचा नंबर, बुशवरचा नंबर, कागदावरचा नंबर, तिन्ही एकच. ओढा: जोरात खाली हिसका द्या. पिरगळा: बुश फिरवून पाहा, कापून चिकटवलेले किंवा आटे पाडलेले सील इथे सुटून येते.

अनुभवी चोर सीलला हातही लावत नाही. तो हँडलचा किंवा हॅस्पचा रिव्हेट कापतो, दार उघडतो, काम झाल्यावर बोल्ट बसवून वर रंग मारतो. सील शाबूत, नंबर बरोबर, माल गायब. म्हणून ‘पाहा’ मध्ये नजर सीलपेक्षा रिव्हेटवर जास्त हवी: चारात एकच चकचकीत, एकच वेगळ्या आकाराचा, एकावरच ओला रंग. जिथे हा धोका आहे तिथे दोन्ही दारांच्या मधल्या बारना एकत्र बांधणारे केबल सील जास्तीचे लावा. टँक कंटेनरला वरचे झाकण आणि खालची झडप, दोन्हीकडे सील लागते. ओपन टॉपच्या (छत नसलेल्या कंटेनरच्या) ताडपत्रीला सीलने फारसे संरक्षण मिळत नाही. मौल्यवान माल त्यातून पाठवूच नये.

सीलचा साठा रोख रकमेसारखा सांभाळा. एक जबाबदार माणूस, कुलूपबंद कपाट, नंबरवार रजिस्टर, महिन्याला एकदा मोजणी. सीले मागणीप्रमाणे क्रमाने काढली तर पुढचा नंबर कोणता हे बाहेरच्यालाही कळते, तेव्हा बॉक्समधून क्रम मोडून द्या. खराब झालेले सील फेकू नका. नंबर लिहून नष्ट करा. आणि सीलचा फोटो तीस जणांच्या चॅट ग्रुपवर टाकण्याची सवय आजच बंद करा. नंबर आणि सीलचा रंग-आकार कळला की हुबेहूब नकली सील बनवता येते. नंबर माल घेणाऱ्याला थेट आणि वेगळ्या मार्गाने कळवा.

वाटेत कस्टम्सने कंटेनर उघडला तर जुने सील तुटणार, नवे लागणार. यात गैर काही नाही. पण जुना नंबर, नवा नंबर, वेळ आणि अधिकाऱ्याच्या तपासणीचा कागद, या चार गोष्टी त्याच दिवशी वहीत गेल्या नाहीत तर पोचल्यावर सील-फरकाचा वाद ठरलेला.

रस्ता

ट्रेलरला जीपीएस असणे आणि कोणीतरी ते पाहत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्ग, ठरलेले थांबे आणि प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ आधी नोंदवा. गाडी मार्गावरून हटली, ठरलेल्या जागेबाहेर पंधरा मिनिटांहून जास्त थांबली, किंवा सिग्नल गेला, की इशारा एका विशिष्ट माणसाच्या फोनवर जावा आणि त्याने काय करायचे ते लिहिलेले असावे. इशारे फार येत असतील तर मर्यादा बदला, नाहीतर आठवडाभरात कोणी पाहायचेच सोडून देते.

सगळ्यात स्वस्त उपाय वेगळाच आहे: गाडी उशिरा सोडा. टर्मिनलच्या गेटची वेळ आधी घ्या आणि तिच्यामागे हिशेब करून स्टफिंग संपवा. रात्रभराचा थांबा गेला की धोका जातो, आणि ट्रेलरची एक फेरीही वाढते.

पिन, ईमेल आणि बँक खाते

आता कंटेनर चोरायला कटर लागत नाही. उतरण्याच्या बंदरात कंटेनर सोडवायला कंटेनर नंबर आणि पिन कोड लागतो. तो शिपिंग लाइन, फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा), ट्रेलरमालक अशा कित्येक मेलबॉक्सांतून फिरतो. त्यातल्या एकाही कारकुनाला फितवले किंवा एकाचा पासवर्ड चोरला, की चोराची गाडी खऱ्या गाडीच्या तासभर आधी गेटवर हजर होते आणि रीतसर कंटेनर घेऊन जाते. युरोपीय संघाची पोलीस संस्था युरोपोलने २०२३ मध्ये अँटवर्प, रॉटरडॅम, हॅम्बुर्ग आणि ब्रेमरहाफेन या बंदरांसोबत काढलेल्या अहवालात याच पद्धतीकडे लक्ष वेधले आहे. त्याच्या दहाएक वर्षे आधी अँटवर्पमध्ये टोळीने संगणकप्रणालींत शिरून कंटेनर कुठे आहे हे पाहिले आणि मालकाच्या आधी ते उचलले. अँटवर्पने नंतर पिनऐवजी ओळख पटवलेल्या कंपनीकडून कंपनीकडे डिजिटल हक्क सोपवण्याची पद्धत आणली.

तुमच्या हातात एवढे आहे. पिन लवकर मागू नका. गाडी आणि ड्रायव्हर ठरल्यावरच मागा. तो ईमेलच्या लांबलचक साखळीत पुढे ढकलू नका, टर्मिनलच्या पोर्टलवरून थेट नेमलेल्या ट्रेलरमालकाला द्या. पिन कोणी, कधी पाहिला याची नोंद ठेवणारी प्रणाली निवडा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन त्याच दिवशी बंद करा. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका. त्या ईमेलमधल्या नंबरावर फोन करण्यात अर्थ नाही.

आणि कागदी पर्याय हाताशी असू द्या. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीच्या प्रणाली बंद पाडल्या तेव्हा टर्मिनलांवर गाड्या रांगेत अडकल्या. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. चालू कंटेनरांची यादी, सील नंबर आणि संपर्क दररोज एका वेगळ्या जागी उतरवून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

घोषणा: एकदाच लिहा, बरोबर लिहा

अमेरिकेकडे जाणाऱ्या समुद्री मालासाठी आयातदाराने दहा आणि जहाज कंपनीने दोन प्रकारची माहिती आगाऊ द्यायची असते. आयातदाराच्या दहापैकी आठ बाबी माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी लागतात. स्टफिंगची जागा आणि कन्सॉलिडेटर (माल एकत्र करून भरणारा) या दोन बाबी थोड्या उशिरा चालतात, पण जहाज पोचण्याच्या २४ तास आधी त्या द्याव्याच लागतात. युरोपीय संघालाही खोल समुद्रातून येणाऱ्या कंटेनरची माहिती चढवण्याच्या २४ तास आधी हवी असते, मालाच्या एचएस वर्गीकरण-क्रमांकाच्या सहा अंकांसह. ‘सुटे भाग’, ‘भेटवस्तू’, ‘मिश्र माल’ असले वर्णन तिथे चालत नाही. ‘दुचाकीच्या ब्रेकचे स्टील लिव्हर’ असे लिहायला तेवढाच वेळ लागतो.

चुका होतात त्या पुन्हा पुन्हा टाइप करण्यामुळे. पॅकिंग लिस्टवर ४१२ पेट्या, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) ४२१, आणि धोका मोजणाऱ्या कस्टम्सच्या प्रणालीला दोन्ही आकडे दिसतात. संगणकाच्या लेखी चुकलेला कारकून आणि तस्कर सारखेच. पॅकिंग लिस्ट हा मूळ स्रोत माना; इन्व्हॉइस, व्हीजीएम, घोषणा, बिल ऑफ लेडिंग सगळे त्यातूनच निघावे. सील नंबर टॅली करणाऱ्याने दारापाशी उभे राहून फोनवर भरावा; चिठ्ठीवर लिहून संध्याकाळी टाइप करू नये.

प्रमाणपत्रे कशाला

जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये सेफ आराखडा स्वीकारला आणि त्यातून अधिकृत आर्थिक कारभारी, म्हणजे एईओ, ही कल्पना देशोदेशी रुजली. अमेरिकेचा सी-टीपॅट हा तसाच कार्यक्रम त्याआधी, नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाला. फायदा ठोस आहे: तपासण्या कमी, तपासणी झालीच तर रांगेत पुढे, आणि दोन देशांत परस्पर मान्यतेचा करार असेल तर दुसऱ्या टोकालाही त्याचा उपयोग. आयएसओ २८००० (चालू आवृत्ती २०२२ ची) हे सुरक्षा-व्यवस्थापनाचे मानक आहे. ते घर नीट लावायला मदत करते, पण त्याने कस्टम्सची सवलत आपोआप मिळत नाही. आमचा सल्ला: ताब्याची वही, सील-रजिस्टर आणि सात जागांचे फॉर्म सहा महिने खरोखर चालवा, मग अर्ज करा. उलट क्रमाने गेलेल्या कंपन्या सल्लागाराकडून जाडजूड फाइल बनवून घेतात आणि पहिल्याच फेरतपासणीत अडकतात, कारण गेटवरच्या माणसाला त्या फाइलीचा पत्ता नसतो.

काय मोजायचे

चार आकडे पुरे: प्रत्येक ओळीवर कंटेनर किती तास उभा, दुरुस्त कराव्या लागलेल्या कागदांचे प्रमाण, सील-फरकाची प्रकरणे, आणि तपासणीला ओढलेल्या कंटेनरांचे प्रमाण. सरासरीवर विसंबू नका. ४० कंटेनरांपैकी ३६ यार्डात दोन-दोन दिवस आणि ४ बारा-बारा दिवस राहिले तर सरासरी तीन दिवस येते आणि सगळे ठीक दिसते. डेमरेज त्या चारांचेच भरता, आणि सर्वात जास्त वेळ उघड्यावर राहणारेही तेच. दर महिन्याला सर्वात उशिराचे पाच कंटेनर घ्या आणि प्रत्येकाची वही ओळीओळीने वाचा.

सील तुटलेले किंवा वेगळे आढळले तर

दार उघडू नका. ड्रायव्हरला थांबवून घ्या, पण त्याच्यावर आरोप करू नका; पावतीवर वेळेसह ‘सील नंबर वेगळा’ किंवा ‘सील तुटलेले’ असा शेरा लिहून त्याची सही घ्या. शेऱ्याशिवाय सही केलेली पावती म्हणजे सर्व ठीक मिळाल्याची कबुली. सीलचे, रिव्हेटचे, दाराच्या चारही कडांचे फोटो. मग माल पाठवणारा, शिपिंग लाइन, विमा कंपनी यांना कळवा, आणि घुसवलेल्या मालाची शंका असेल तर आधी कस्टम्स किंवा पोलिसांना; त्या बॅगा हलवू नका, आणि ज्या टोळीचा तो माल आहे ती वाट पाहत असू शकते हे लक्षात ठेवून आवाराचे गेट बंद करा.

उघडायची वेळ येईल तेव्हा साक्षीदारासमोर, दाराला पट्टा बांधून, उजवे दार हळूहळू. रेलून आलेला माल अंगावर पडतो. माल धुरी दिलेला असेल तर गॅस मोजल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, फॉस्फिन आणि मिथाइल ब्रोमाइड दोन्ही जीवघेणे आहेत. तुटलेल्या सीलचे तुकडे पिशवीत घालून कंटेनर नंबर आणि तारीख लिहा. हेग-विस्बी नियम (समुद्री वाहतुकीतल्या जबाबदारीचे) लागू असतील तर वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल मिळाल्यापासून तीन दिवसांत द्यायची असते आणि दाव्याची मुदत एक वर्षाची असते. तोवर ती पिशवी सील-रजिस्टरच्याच कपाटात राहू द्या.